आईच्या आजारपणाचा निम्मा खर्च मी केला, अशी माझी पक्की आठवण आहे. वडिलांची वही वेगळे सांगते

डहाणूकर कॉलनी (प्रश्न)

या मंचावर आपण सगळे टोपणनावाने लिहितो, तसे मीही लिहितो. मी ६३ वर्षांचा असून सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. सहकारनगरमध्ये वडिलांची जुनी सदनिका होती. ती इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे गेल्या महिन्यात सदनिका रिकामी करावी लागली. माळ्यावरून तांब्याचे घंगाळ, पितळी डबे आणि सत्यनारायणाचा चौरंग खाली उतरवताना कापडात बांधलेल्या जमाखर्चाच्या अकरा वह्या मिळाल्या. वडील कारकून होते आणि दिवसाचा हिशेब लिहिल्याशिवाय ते कधी झोपत नसत. दोन रुपयांची कोथिंबीर आणि चपलेला मारून घेतलेला टाका यांनाही त्यांच्या वहीत स्वतंत्र ओळ असे.

१९९८ च्या ऑगस्ट महिन्यात आई न्हाणीघरात घसरून पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले आणि एका खाजगी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या खर्चाविषयीची माझी आठवण अगदी स्वच्छ आहे, निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी होती. खर्च दादाने आणि मी निम्मा निम्मा उचलला. मी बँकेतून पैसे काढून खाकी पाकिटात घातले, रुग्णालयाच्या जिन्यात ते पाकीट दादाच्या हातात दिले आणि दादा म्हणाला, "पुरतील एवढे." तो जिना, त्याचा गुळगुळीत झालेला लाकडी कठडा आणि खाली कोणीतरी स्ट्रेचर फिरवत असल्याचा आवाज मला आजही आठवतो.

वडिलांच्या वहीत त्या महिन्याच्या अखेरीस पुढील नोंद आहे: "इस्पितळ एकूण ५९,५००. थोरला ३४,०००. धाकटा ८,०००. पोस्टातून काढले १७,५००." धाकटा म्हणजे मी. माझा वाटा साडेतेरा टक्केसुद्धा भरत नाही. उलटलेल्या पानावर, त्यानंतर आठच दिवसांनी, दुसरी ओळ आहे: "धाकट्याने फ्लॅटचा दुसरा हप्ता भरला. पेढे आणले, पाव किलो." वडिलांनी या दोन ओळींचा संबंध कोठेही जोडलेला नाही. माझ्या मनात मात्र फ्लॅटचे हप्ते आणि आईची शस्त्रक्रिया या दोन गोष्टी निरनिराळ्या वर्षांत घडलेल्या होत्या, आणि वही पाहीपर्यंत मी त्याबद्दल पैज लावली असती.

यात एक गोष्ट मला अधिक बोचते. त्या वेळी दादा चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करीत होता आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा कमी होता. २०१६ मध्ये माझ्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, "आम्ही दोघा भावांनी आईवडिलांचे सगळे निम्मे निम्मे केले" असे मी मोठ्या समाधानाने सांगितले होते. दादा शेजारच्या पाटावरच बसला होता. तो काही बोलला नाही. त्याने फक्त मठ्ठा मागितला.

माझे दोन प्रश्न आहेत. मी खोटे बोलत होतो असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. मग माणसाची स्मृती त्याच्या नकळत एवढा मोठा बदल करू शकते का, आणि तोही नेमका त्याच्या सोयीचा? दुसरा प्रश्न असा की, दादा ७० वर्षांचा आहे, आमचे संबंध उत्तम आहेत. हा विषय आता उकरून काढावा का?

तळटीप

मी पुण्यातील एका महाविद्यालयात २६ वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर "होय" असे आहे, परंतु त्यातील "नेमका सोयीचा" हा भाग थोडा उलगडून सांगावा लागेल.

झुरिक आणि येल येथील संशोधकांनी (रायन कार्लसन, मॉली क्रॉकेट, अर्न्स्ट फेर आणि त्यांचे सहकारी) २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच प्रयोग आणि तीन हजारांहून अधिक सहभागी असा त्याचा पसारा होता. सहभागी व्यक्तीला काही रक्कम देऊन ती स्वतःमध्ये आणि एका अनोळखी व्यक्तीमध्ये हवी तशी वाटायला सांगितले जाई, आणि काही वेळाने, मधे दुसरे काम देऊन, "तुम्ही समोरच्याला किती दिले होते?" असे विचारले जाई. अचूक आठवणीसाठी जादा पैसे मिळणार होते, म्हणजे खरे आठवण्यातच फायदा होता. तरीही ज्यांनी हात आखडता घेतला होता त्यांना आपण दिलेली रक्कम प्रत्यक्षापेक्षा मोठी आठवत असे.

इथपर्यंतचे कोणीही अंदाजाने सांगू शकले असते. खरी गंमत पुढे आहे. काही प्रयोगांत वाटणी करण्याआधी प्रत्येकाला विचारले गेले की, तुमच्या मते न्याय्य वाटा किती? ज्यांनी स्वतःच सांगितलेल्या न्याय्य वाट्यापेक्षा कमी दिले, त्यांचीच आठवण औदार्याच्या दिशेने सरकली. ज्यांनी स्वतःच्या मापाप्रमाणे दिले, त्यांची सरकली नाही. आणखी एका जोडप्रयोगात किती द्यायचे हे संशोधकांनीच ठरवून दिले, आणि तेव्हा कमी रक्कम देणाऱ्यांनाही ती बरोबर आठवली, कारण तो निर्णय त्यांचा नव्हता व त्याची बोच त्यांना लागण्याचे कारण नव्हते.

हे आपल्या वहीशी ताडून पाहा. आपल्याला "निम्मे" आठवते. चाळीस टक्के किंवा "पुष्कळ" असे काही आठवत नाही. ही चूक विस्कळीत नाही. आपण जे द्यायला हवे होते असे आपल्याला १९९८ मध्ये वाटत होते, नेमका तोच आकडा आपल्या आठवणीत येऊन बसला आहे. ज्याला "आईचे दादाने बघावे, माझा संबंध नाही" असेच वाटत होते, त्याला आठ हजार हे आठ हजार म्हणूनच लक्षात राहिले असते.

जिन्याचा आणि खाकी पाकिटाचा जो तपशील आपण दिला आहे, त्याविषयी एक स्वतंत्र गोष्ट सांगतो. अमेरिकेत वॉटरगेट या राजकीय घुसखोरीच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांचे माजी सल्लागार जॉन डीन यांनी १९७३ मध्ये चौकशी समितीपुढे बैठकांचे इतके तपशीलवार वर्णन केले की, पत्रकारांनी त्यांच्या स्मरणशक्तीची तुलना ध्वनिमुद्रण यंत्राशी केली. पुढे खरीखुरी ध्वनिमुद्रणे बाहेर आली, आणि १९८१ मध्ये उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही शेजारी ठेवून तपासली. डीन यांच्या साक्षीचा गाभा खरा होता, प्रकरण दडपले जात होतेच. परंतु संवाद चुकलेले होते आणि बैठकांमधील डीन यांची स्वतःची भूमिका प्रत्यक्षापेक्षा मोठी झालेली होती. त्यामुळे जिना, पाकीट आणि "पुरतील एवढे" हे सारे खरे असूनही पाकिटातील रक्कम आठ हजारच असू शकते. कठड्याचा गुळगुळीतपणा आठवतो म्हणून रक्कमही बरोबर आठवत असेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

शाळेतील गुणांचेही असेच आहे. १९९६ मध्ये हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शाळेतील श्रेणी आठवायला सांगून त्या मूळ गुणपत्रकांशी ताडल्या. "ए" श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवल्या, "डी" मात्र २९ टक्केच, आणि चुका बहुतांशी वरच्या दिशेने होत्या. आमच्या शिक्षकखोलीत हा अभ्यास मी एकदा सांगितला तेव्हा सर्वांनी हसून मान डोलावली आणि पाचच मिनिटांत एक सहकारी स्वतःचे बोर्डातील गुण सांगू लागले, ते दरवर्षी दोनने वाढत असत.

थोडी सावधगिरी मात्र ठेवावी. प्रयोगशाळेतील रकमा लहान असतात आणि अवधी थोडा असतो. फरक सरासरीत दिसतो, प्रत्येक माणसात नाही. २७ वर्षे, एक आई आणि दोन भाऊ यांचा प्रयोग कोणी केलेला नाही. "अनैतिक कृत्यांची आठवणच पुसट होते" असा दावा २०१६ मध्ये पुढे आला होता, परंतु २०१८ मध्ये इतरांनी कल्पित कृत्ये घेऊन तो पुन्हा तपासला तेव्हा तसे काही आढळले नाही. त्यामुळे "मन सगळे वाईट पुसून टाकते" एवढे मोठे विधान मी करणार नाही. आपल्या बाबतीत पुसले काहीच गेलेले नाही. हप्ता आठवतो, शस्त्रक्रिया आठवते, पाकीट आठवते. फक्त आकडा आणि वर्ष जागचे हलले आहे.

स्थळप्रत

मी एका सहकारी बँकेच्या हिशेब तपासणी विभागात नोकरी केली आणि आमच्या सोसायटीची नऊ वर्षे खजिनदार होते. प्राध्यापकांच्या विवेचनाशी माझा वाद नाही. माझा आक्षेप वहीवर आहे.

वडिलांची वही ही रोखीची कीर्द आहे. तिच्यात रुपयाने मोजली जाते तेवढीच गोष्ट येते. आईजवळ रुग्णालयात रात्री कोण झोपले, डबा कोणाच्या घरून गेला, घरी आल्यावर तीन महिने भांडे कोणी दिले आणि घेतले, यांची ओळ कोणत्याही वडिलांनी कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. तुम्ही ३४,००० आणि ८,००० यांच्यावर स्वतःचा निवाडा करून मोकळे झाला आहात, पण या दोन आकड्यांखेरीज घरात आणखी माणसे होती. तुमच्या संपूर्ण प्रश्नात तुमच्या पत्नीचा आणि वहिनींचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला वाचताक्षणी खटकले.

दुसरे थोडे कडू आहे. राग मानू नये. तुमचा प्रश्न वाचताना मला कबुली देणारा एक सज्जन गृहस्थ दिसतो आणि तो फार चांगला दिसतो. "मीच कमी दिले, दादाचा पगार कमी होता, तरी दादा बोलला नाही" ही गोष्टही उद्या पंगतीत सांगण्यासारखी होईल, आणि ती सांगतानाही समाधान वाटेल. निम्मे देणारा भाऊ जाऊन त्याच्या जागी चूक कबूल करणारा भाऊ आला, एवढाच फरक पडू नये.

अनुभवाचे सांगते. आमच्या सोसायटीत २४ सदनिका आहेत. एका उन्हाळ्यात बोअरवेल आटली आणि नवी घेण्यासाठी प्रत्येकी साडेचार हजार रुपयांची ऐच्छिक वर्गणी मागितली गेली. पाच वर्षांनी गच्ची गळू लागली तेव्हाच्या सर्वसाधारण सभेत एकेक सभासद उठून, "बोअरवेलच्या वेळी आम्ही एका हाकेसरशी पैसे दिले होते, आता लोकांमध्ये ती वृत्ती राहिली नाही," असे सांगू लागला. मी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेऊनच बसले होते. एका हाकेसरशी देणारे सात होते, दुसऱ्या स्मरणपत्रानंतर देणारे नऊ, आणि पाच जणांनी अद्याप दिलेले नव्हते. त्या पाचांपैकी दोघे तर सर्वांत तावातावाने बोलत होते. मी स्थळप्रती वाचून दाखवल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत मला याच मंडळींची मते हवी होती. ही माझी सोयीची आठवण नाही, इतिवृत्तात माझे मौन नोंदलेलेच आहे.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. कॅनडातील मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ दांपत्यांना स्वयंपाक, साफसफाई, मुलांचे बघणे अशा वीस बाबींत स्वतःचा वाटा किती, हे वेगवेगळे विचारले. बहुतेक बाबींत नवऱ्याचा आणि बायकोचा वाटा मिळून शंभर टक्क्यांच्या वर गेला. विशेष म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या बाबींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. म्हणजे फुशारकी हे एकच कारण नव्हते; आपण केलेले आपल्या डोळ्यांसमोर असते, दुसऱ्याने केलेले आपण पाठ फिरवून झोपलेले असताना होते. माझी जाऊ आणि मी, सासऱ्यांना इन्सुलिनची इंजेक्शने "मीच देत होते" असे दोघीही शपथेवर सांगतो. तिच्या आणि माझ्या हिशेबाने सासऱ्यांना रोज चार इंजेक्शने मिळत होती. डॉक्टरांनी दोनच लिहून दिली होती.

आडाचे पाणी

विषय पैशांवरून माणसांकडे आला म्हणून आमच्या घरातील एक गोष्ट लिहितो. ती माझ्या जन्माच्या आधीची आहे, आणि तिच्याबद्दल लिहावेसे वाटण्याचे कारणही तेच आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आमचा वाडा सदाशिव पेठेच्या पर्वतीकडच्या भागात, पाण्याच्या आवाक्याबाहेर होता आणि वाड्यात आड होता. खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा वर्षानुवर्षे दुर्लक्षित झालेले असे आड पुन्हा वापरात आले. शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या बाजूला राहणारे आजोबांचे एक स्नेही अंगावरच्या कपड्यांनिशी कुटुंबासह आमच्याकडे आले.

आमच्या घरातील गोष्ट अशी: अकरा माणसे महिनाभर आमच्याकडे राहिली, आजीने कधी कपाळाला आठी घातली नाही, आणि जाताना तिने त्यांना तांदूळ व दोन पातेली दिली. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की, शाळेतल्या निबंधात मी ती "आम्ही पूरग्रस्तांना आश्रय दिला" अशा शब्दांत लिहिली होती. आम्ही! मी तेव्हा जन्मालाही आलो नव्हतो. स्वतः काही न देता उदार झालो होतो.

ते कुटुंब नंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या गोखलेनगरमध्ये राहायला गेले. चाळीस वर्षांनी त्यांच्याकडच्या एका मुंजीला मी गेलो असता त्यांच्या घरातील गोष्ट ऐकायला मिळाली: चार दिवस राहिलो, तिसऱ्याच दिवशी "तुमचा स्टोव्ह वेगळा मांडा" असे सुचवले गेले, म्हणून निघालो. पातेली मिळाली हे त्यांनाही मान्य होते. त्यांतील एकाला भोक होते, एवढी त्यांची पुस्ती होती.

आजी गेल्यावर तिच्या पेटीत आजोबांनी सातारच्या मामांना लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर १८ जुलैची तारीख होती आणि मजकुरात एक वाक्य होते: "पाहुणे काल गेले, आता घर मोकळे वाटते." म्हणजे महिना नव्हे आणि चार दिवसही नव्हेत, सहा. देणाऱ्याने पाचपट केले, घेणाऱ्याने तिसरा हिस्सा कापला. "मोकळे वाटते" या शब्दांबद्दल आमच्या घरात आजही दोन मते आहेत. माझी आत्या म्हणते की, बाबांना करमत नव्हते असा त्याचा अर्थ आहे.

आजी खोटे बोलणारी बाई नव्हती, हे मी कोणापुढेही सांगेन. पण तो काळ असा होता की, पुढे वर्षभर पुण्यात दोन माणसे भेटली की, पुरात तुमच्याकडे कोण आले होते, हाच विषय निघे. कोणाकडे वीस माणसे, कोणाकडे पंचवीस. त्या बैठकांत सहा दिवस कसे टिकणार?

थोडक्यात

दादा ७० वर्षांचे आहेत. चिंचवडला बस जाते. वही पिशवीत घाला आणि जा.

एक सूचना देतो. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय लिहिली आहे: स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की, ते ती ताबडतोब टिपून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात असा त्यांचा अनुभव होता. दादा जे म्हणतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने "दादा म्हणाला, जाऊ दे रे" एवढेच तुम्हाला आठवेल.

डहाणूकर कॉलनी (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. स्थळप्रत यांचा कडू घोट उतरायला दोन दिवस लागले. पत्नीला विचारले तेव्हा कळले की, आईजवळ रात्रीचे आठ मुक्काम तिने केले होते. मला त्यांतील दोन आठवत होते, आणि त्या दोन्ही रात्री मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो होतो.

गेल्या रविवारी दादाकडे गेलो. थोडक्यात यांच्या सांगण्याप्रमाणे हे त्याच रात्री लिहून ठेवले होते, त्यामुळे शब्द बहुतेक दादाचेच आहेत.

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि लग्नातल्या पंगतीबद्दल क्षमा मागितली. दादाने नोंद दोन वेळा वाचली. मला वाटले होते की, तो "असू दे" म्हणेल. तो म्हणाला, "तू आठ हजार दिले होतेस?" त्याच्या आठवणीप्रमाणे मी काहीच दिले नव्हते. संपूर्ण खर्च त्याने एकट्याने केला, अशी त्याची २७ वर्षांची समजूत होती. पंगतीत तो बोलला नाही याचे कारण, धाकटा भाऊ व्याह्यांपुढे उघडा पडू नये एवढेच होते. मी ज्याला त्याचा मोठेपणा समजत होतो तो मोठेपणा खराच होता, पण तो ज्या हिशेबावर उभा होता तो हिशेबही चुकलेला होता. जिन्यातले पाकीट त्याला आठवत नाही. जिना आठवतो, तिथे तो माझी वाट पाहत उभा होता, एवढे आठवते.

मग आमचे दोघांचेही लक्ष एकाच वेळी तिसऱ्या आकड्याकडे गेले. पोस्टातून काढले १७,५००. आमच्या आईच्या शस्त्रक्रियेला वडिलांनी स्वतःची शिल्लक मोडली होती, जवळजवळ तीस टक्के, आणि त्याची आठवण ना त्याला होती, ना मला. निम्मे निम्मे म्हणणाऱ्या माझ्या हिशेबात वडील नव्हते आणि "सगळे मीच केले" म्हणणाऱ्या त्याच्या हिशेबातही नव्हते. या मंचावर मी प्रश्न लिहिला तेव्हा तो आकडा मी स्वतःच्या हाताने टंकित केला होता, आणि तरीही तो मला दिसला नव्हता. दादा बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसला.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचली. "थोरला चौतीस हजार," त्या मोठ्याने म्हणाल्या. नंतर दादाकडे वळून, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसे त्यांनी विचारले, "त्यात माझ्या पाटल्यांचे बारा हजार धरलेत ना?"

पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून बारा हजार उचलले होते. दादाला ते आठवले, पण वहिनी बोलल्यानंतर. त्याने कानाची पाळी चोळली. लहानपणी वडील रागावले की, तो हेच करीत असे.

वहिनींनी फोनजवळची पेन्सिल घेतली आणि वडिलांच्या अक्षराखाली बारीक लिहिले: "पैकी पाटल्या १२,०००." मग वही मिटून माझ्या पिशवीत परत ठेवली आणि जेवून जा म्हणाल्या.

स्थळप्रत

पाटल्या सोडवल्या का नंतर?

डहाणूकर कॉलनी

हे मी विचारले नाही. तिथे असताना सुचलेच नाही.